इद्रीसने मोजलं होतं

डॉ. अजीज फणसोपकरांच्या पंचाहत्तरीला गौरवग्रंथ निघणार आणि त्यात चार पानं माझी असावीत, असं समितीने कळवलं तेव्हा मी हुरळून हो म्हणून बसले. मी कोण? जिल्हा रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर पस्तीस वर्षं सांभाळलेली एक निवृत्त सिस्टर. डॉक्टर सौदीला जाण्याआधी सहा वर्षं आमच्याकडे सर्जन होते आणि त्या सहा वर्षांत त्यांच्या हातात चिमटे नि दोरे देणारी मी होते. समितीतल्या लोकांनी त्यांना व्यासपीठावर पाहिलं, मी मास्कच्या वर पाहिलं, एवढीच काय ती माझी पात्रता.

ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. डॉक्टर रायगडच्या किनाऱ्यावरचे. आमच्याकडून ते रियाधला गेले, तिथे चौदा वर्षं राहिले आणि एक दिवस चांगली नोकरी सोडून परत आले. गावात दवाखाना काढला. पुढे मुंबईजवळच्या एका शहरात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांना एका सोसायटीने सामानासकट बाहेर काढलं, का तर त्यांचा रंग. पेपरात हे वाचून डॉक्टर तिथे गेले आणि त्या सोसायटीच्या जिन्यात तीन दिवस बसून राहिले. चौथ्या दिवशी मुलं आपल्या खोलीत परत गेली. त्यांचं राजकारण त्या जिन्यात सुरू झालं. पुढे दोनदा आमदार झाले. मूळ आफ्रिकी सिद्दींच्या वस्त्यांचे दाखले, त्यांचे रस्ते, काळ्या विद्यार्थ्यांची घरं, यावर ते सभागृहात बोलत राहिले. लोक म्हणायचे, "डॉक्टर, यात मतं किती?" तिसऱ्या निवडणुकीत त्याचं उत्तर मिळालं, ते पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे एका सिद्दी वाडीवर रोगी तपासायला गेले. माझा ऊर तेव्हा अभिमानाने भरून आला होता, हे कबूल करायला मला लाज नाही.

समितीने मला दिलेला विषय होता 'डॉक्टरांचे सौदीतील दिवस'. त्याबद्दल कुणालाच धड माहिती नव्हती, म्हणून मी त्यांनाच फोन केला. ते म्हणाले, "सिस्टर, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मी पुढच्या महिन्यात जातोय तिकडे. तुम्हीही चला."

सून म्हणाली, "आई, या वयात एकट्या सौदीला?" मी म्हटलं, "एकटी कुठे, सर्जन बरोबर आहे."

निघताना

रियाधला आमची व्यवस्था बघणार होता डॉक्टरांच्या गावचा साजिद. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी त्याच्यासाठी डबाभर अनारसे केले. मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभे असताना डॉक्टरांची नजर डब्यावर गेली.

"सिस्टर, यात खसखस आहे?"

"मग काय, अनारशाला तीळ लावू?"

ते हसले नाहीत. सौदीत खसखस म्हणजे अफूच्या घरातली, सापडली तर सरळ तुरुंग, असं त्यांनी मला समजावलं. चांगला जाळीदार झालेला अख्खा घाणा मी तिथे झाडू मारणाऱ्या बाईच्या हवाली केला. तिने एक तोंडात टाकला आणि मला आशीर्वाद दिला. "साजिदला काय सांगायचं?" मी विचारलं. "सांगा, अनारसे गेले, सिस्टर वाचली," डॉक्टर म्हणाले. तेवढंच ते त्या प्रवासात मोकळेपणी बोलले.

बत्हा

रियाध मी टीव्हीवर पाहिलं होतं, पण टीव्हीत तो प्रकाश मावत नाही. आकाशाला इथे ढगांची सवयच नसावी. आठ पदरी रस्ते, चालकाशिवाय धावणारी मेट्रो आणि शेजारच्या गाडीत स्टिअरिंगवर बसलेली, नखं रंगवलेली सौदी तरुणी. मी बावळटासारखी काचेला नाक लावून बघत होते. "मी होतो तेव्हा यातलं काही नव्हतं," डॉक्टर सारखे म्हणत होते. बायका गाडी चालवताना पाहून तर तेही माझ्याइतकेच थक्क झाले.

बत्हा मात्र म्हणे तसाच आहे. जुन्या रियाधमधला हा बाजार म्हणजे आपल्याकडच्या लोकांचं माहेर. मल्याळी, बंगाली, उर्दू पाट्या, पैसे पाठवायची दुकानं, न्हाव्यांची दुकानं, दमामला जाणाऱ्या गाड्यांचा पुकारा. एका दुकानदाराने मला "या हज्जा" अशी हाक मारली. वयस्कर बाईला इथे आदराने असंच म्हणतात. मी साधी काशीलाही न गेलेली बाई, फुकटात हज्जा झाले.

साजिदची खानावळ दुसऱ्या मजल्यावर आहे. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. आम्ही टेकतो न टेकतो तोच तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण समोर आलं. सुरमईला इथे कनद म्हणतात, चव मात्र घरची. मी अनारशांची शोकांतिका सांगितली तेव्हा तो खुर्चीतून पडायचा राहिला.

"मावशी, बरा झाला टाकलेत ते! नायतर मी तुमका डबा घेऊन जेलात भेटाया आलो असतो."

मग तो डॉक्टरांकडे वळला आणि त्याचा आवाज उतरला. "चाचा, माणूस सापडलाय. इद्रीस. अल खर्जला दुधाच्या फार्मवर हाय. दुधाच्या ट्रकवाल्यांना विचारून विचारून दोन महिने गेले. मी फोन केला, तुमचं नाव सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आने दो."

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. हा इद्रीस कोण, मी विचारलं. "उद्या सांगतो," ते म्हणाले आणि पान सारून उठले.

रुग्णालयासमोर

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचं जुनं रुग्णालय पाहायला गेलो. नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. आता त्याला निळ्या काचा आहेत, दारात खजुराची झाडं आहेत, आणि आत शिरलं की संगमरवरात आपला चेहरा दिसतो. आमच्या जिल्हा रुग्णालयात पावसाळ्यात थिएटरच्या दारात बादली ठेवावी लागायची, ते आठवून मला हसू आलं. मी वही काढली. आता पाच-दहा थोर प्रसंग मिळणार अशी माझी खात्री होती.

रस्त्यापलीकडच्या बाकावर बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या थिएटरात मॉपचा काउंट कसा व्हायचा, ते सांगा बघू."

हा काय प्रश्न झाला? पण सांगितलं, आणि वाचकांनाही सांगते. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला कापडाच्या मोठ्या घड्या वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. भिजलेले मॉप खाली बादलीत टाकतात. थिएटरातला कामगार ते चिमट्याने काढून जमिनीवरच्या रबरी शीटवर पाच-पाचच्या ओळीत मांडतो. आत दिलेले आणि बाहेर आलेले जुळले, की सिस्टर "काउंट करेक्ट" म्हणते. तोपर्यंत पोट शिवायचं नाही. एक जरी कमी असला तरी सगळ्यांनी थांबायचं आणि शोधायचं, मग सर्जन कितीही मोठा असो.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "इद्रीस तो मांडणारा माणूस होता. सुदानचा. उंच, काळाभोर, शांत. सहा वर्षं माझ्या थिएटरात होता. सगळे त्याला 'या असवद' म्हणून हाक मारायचे. म्हणजे, ए काळ्या. मीही मारायचो."

मी लिहायचं थांबले.

"त्या दिवशी यादीत आणखी तीन केसेस होत्या. एका ट्रक ड्रायव्हरचं पोट उघडलं होतं. मी शिवायला घेतलं आणि इद्रीस म्हणाला, 'डॉक्टर, एक मॉप कमी आहे.' मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, 'तुला मोजता येतं का? खलास.' नर्स नवी होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि 'करेक्ट' म्हणाली."

आठ दिवसांनी त्या ड्रायव्हरला ताप भरला. एक्स-रेत मॉपची खूण दिसली. पुन्हा पोट उघडलं, माणूस वाचला. मग चौकशी बसली. अहवालात लिहिलं होतं की कामगार अशिक्षित, त्याने मोजण्यात चूक केली. खाली सर्जनची सही हवी होती.

"तुम्ही केलीत," मी म्हटलं.

"केली. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, बायको, मुलांची शाळा, सगळं डोळ्यांसमोर होतं. इकामा गेला की आपण या देशात कुणी नाही, हे तुम्ही साजिदला विचारा. इद्रीसचा इकामा पंधरा दिवसांत रद्द झाला. जाताना तो माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला, आणि मी फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मला त्यांचं तोंड बघवेना.

"सर," मी म्हटलं, "माझ्या थिएटरात तुम्ही असं केलं असतं, तर सुई तुमच्या हातातून काढून घेतली असती मी."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला आणलं. 'एक मॉप कमी आहे' हे तुम्ही म्हणाला असता तर मी थांबलो असतो, सिस्टर. मी थांबलो नाही, कारण ते इद्रीस म्हणाला. हे मला तिथेच कळलं नाही, घरी गेल्यावर कळलं. जिन्यात तीन दिवस बसलो ते त्या पोरांसाठी बसलो असं लोक समजतात."

ते पुढे म्हणाले, "उद्या त्याला सगळं सांगणार आहे. त्याने ऐकून घेतलं आणि हो म्हणाला, तर हे जसंच्या तसं छापा. तो नको म्हणाला, तर गौरवग्रंथच नको, मी समितीला कळवीन. पंचाहत्तर वर्षांचा गौरव त्याच्या पाठीवर उभा करून घ्यायचा नाही मला."

मी वही मिटून पिशवीत टाकली. राग होताच, पण त्याहून जास्त दुःख होतं. ज्या हातांची मी तीस वर्षं सगळीकडे तारीफ सांगत फिरले, ते हात मला दुसऱ्याचे वाटायला लागले होते. साजिदने संध्याकाळी कबाब आणले, तेही नीट खाल्ले नाहीत.

अल खर्ज

रियाधच्या दक्षिणेला तासभर गेलं की अल खर्ज. शहर संपलं आणि वाळवंट सुरू झालं. वाळू पिवळी असते असं मला वाटायचं. ती तांबूस, करडी, मध्येच जांभळटही असते, आणि तिला शेवट नाही. एवढ्या मोकळ्या जागेत माणसाला आपण किती चिमुकले ते सांगावं लागत नाही. माझा राग त्या पसाऱ्यात थोडा पातळ झाला, हे खरं.

मग अचानक हिरवं. वर्तुळाकार शेतं, मध्ये खांब आणि खांबाभोवती गोल फिरणारा पाण्याचा लांबलचक पाइप. जमिनीच्या पोटातून खूप खोलवरून पाणी काढतात. आणि पुढे गोठे. गोठे कसले, छपरांचं गावच. हजारो काळ्या-पांढऱ्या गायी, त्यांच्या डोक्यावर मोठाले पंखे, पंख्यांतून पाण्याचा बारीक फवारा. बाहेर अंग भाजत होतं आणि गायी गारव्यात रवंथ करत होत्या. मी हात जोडले. साजिद हसला, "मावशी, हितल्या गायीक ए.सी. हाय, माणसांक पंखो."

इद्रीस फाटकाशी उभा होता. उंच, किंचित वाकलेला, दाढी पांढरी, अंगात फार्मचा निळा डगला. तो आता गोठ्यावरचा मुकादम आहे. परत गेल्यावर सात वर्षांनी दुसऱ्या कफीलकडून, म्हणजे नव्या मालकाच्या हमीवर, तो पुन्हा सौदीत आला होता. थिएटरातल्या केरळच्या नर्सेसकडून शिकलेलं हिंदी त्याला अजून येत होतं, त्यामुळे मला बरंचसं समजलं.

"अहलन, डॉक्टर. तुम बूढा हो गया," तो म्हणाला.

"तू भी, इद्रीस."

त्याने आम्हाला आपल्या खोलीत नेलं. चार खाटा, एक फ्रिज, भिंतीवर कॅलेंडर. सोबती कामावर होते. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली, तर त्याने हात वर करून थांबवलं. आधी पाहुणचार. सुदानी लोक आल्यागेल्याला जास्वंदाच्या जातीच्या फुलांचं लालभडक सरबत देतात. आंबट-गोड, आपल्या कोकमाची आठवण देणारं. त्याने मला दुसरा पेला न विचारता भरून दिला. आम्ही कोकणातही पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय 'का आलात' म्हणत नाही, पण ज्या माणसाने आपलं ताट ओढून घेतलं त्याला असं शांतपणे वाढताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

पेले रिकामे झाल्यावर तो म्हणाला, "अब बोलो."

डॉक्टर हिंदीत बोलले. काल मला सांगितलं होतं तसंच, सहीचं, फोनच्या नाटकाचं, सगळं. शेवटी हात जोडून म्हणाले, "मला माफ कर, इद्रीस. हे मी पुस्तकात छापणार आहे. तू हो म्हणालास तर."

"किताब कौन सा ज़बान में?"

"मराठी."

इद्रीसने रिकामे पेले बाजूला सारले. "मराठी मैं नहीं पढ़ता. मेरा घर नहीं पढ़ता." त्याच्या आवाजात राग नव्हता. "डॉक्टर, मेरे गांव में मेरा नाम क्या है, मालूम? आदमी के पेट में कपड़ा भूलने वाला. मेरी बेटी नर्सिंग पढ़ती है, कैरो में. सुदान की लड़ाई के बाद सब उधर है, मेरा भाई भी. जब उसका एडमिशन हुआ, मेरा भाई हंसा. बोला, बाप को गिनती नहीं आता, बेटी सुई लगाएगी." त्याने खिशातून फोन काढला. "छापना है तो छापो. माफ़ी मेरे को नहीं चाहिए. उसको बोलो. अरबी में बोलो."

सभागृहात तासन्‌तास बोलणारा माणूस त्या खाटेच्या कडेवर बसून घाम पुसत होता. नाही म्हणतील, मला वाटलं. सरबत पिऊन, आशीर्वाद देऊन निघतील, मोठी माणसं निघतात तसे. मी मनात म्हटलं, सर, आता उठलात तर मी चार पानं काय, चार ओळी लिहिणार नाही.

ते उठले नाहीत. फोन लागला. पडद्यावर निळा रुमाल बांधलेली एक मुलगी दिसली, बापासारखेच लांब डोळे. डॉक्टरांनी तिला सलाम केला आणि अडखळत, शब्द शोधत अरबीत सांगायला लागले. साजिद माझ्या कानाशी हळू आवाजात मराठी करत होता.

"म्हणतायत, मी तुझ्या बापाचा सर्जन होतो. तुझ्या बापाने बरोबर मोजलं. मॉप कमी हाय, ह्या त्याने मला सांगितलं. मी ऐकलं नाय. मी पोट शिवलं. आणि कागदावर त्याची चूक लिहिली, तिथे सही माझी."

मुलीने एकच प्रश्न विचारला.

"ती विचारते," साजिद म्हणाला आणि थांबला. "ती विचारते, का नाय ऐकलंत?"

घाईत होतो, म्हणता आलं असतं. तीन केसेस बाकी होत्या, तेही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी इद्रीसकडे बघितलं. इद्रीस जमिनीकडे बघत होता. मग डॉक्टर अरबीत जे म्हणाले ते समजायला मला साजिदची गरज पडली नाही, कारण त्यातला एक शब्द मला आदल्या दिवशी कळला होता. असवद. तो काळा होता म्हणून.

माझ्या डोळ्यांना धार लागली. राग कुठल्या कुठे गेला होता. पंचाहत्तराव्या वर्षी, विशीतल्या परक्या पोरीच्या तोंडावर, इतकं उघडं होणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मुलगी काहीतरी बोलली आणि पडद्यावरून गेली. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, फोन ठेवू नका. चुलत्याला बोलावते, आईला बोलावते. त्यांच्यासमोर पुन्हा सांगा."

पडद्यात एकेक माणूस येऊन बसलं. एक जाडजूड, मिशीवाला पुरुष, तोच तो भाऊ असावा. पांढऱ्या ओढणीतली एक बाई. दोन शेजारणी. डॉक्टर आता उभे राहिले. नीट, ताठ, ऑपरेशनच्या टेबलाशी उभे राहायचे तसे. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, इद्रीसचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट. इद्रीसने बरोबर मोजलं, म्हणाले. मॉप कमी आहे, हे त्याने मला सांगितलं.

"ला," इद्रीस म्हणाला. "नहीं, डॉक्टर. मैं दो बार बोला था."

डॉक्टर वळले. काल बाकावर मला सांगताना डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं, आणि मला वाटतं इतकी वर्षं स्वतःलाही त्यांनी एकदाच सांगितलं असावं.

इद्रीसने दोन बोटं वर केली.

"मर्रतेन," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले. दोनदा. मग पडद्याकडे वळले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.